आधी वारा, मग पाणी: ठाणे-नवी मुंबईच्या उन्हाळ्यात परसातल्या कोंबड्या

पहिल्याच उन्हाळ्यात मी एक व्हिडिओ बघितला आणि खुराड्याला तिन्ही बाजूंनी ओली बारदानं गुंडाळून दर तासाला नळीनं पाणी मारत बसले. व्हिडिओ कोरड्या मुलखातला होता, तिकडे तो उपाय चालतो. आमच्या घणसोलीत एप्रिलच्या त्या दुपारी हवा आधीच चिकट होती. बारदानांनी होता तेवढा वारा अडवला आणि आत कुकरसारखी वाफ कोंडली. पाचच्या सुमारास बघते तर सहापैकी दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, चोच उघडी टाकून पडलेल्या. शेजारच्या आगरी आजी कुंपणाच्या पलीकडून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "बाय, तिला पयला वारा दे. पानी मंग."

खाली जो क्रम दिला आहे तो आजींचा आहे. चार ते दहा कोंबड्या, गावठाणातलं परस किंवा बंगल्याचं मागचं आवार, एवढ्या पसाऱ्यासाठी तो पुरतो. शे-दोनशे पक्ष्यांची शेड असेल तर गणित वेगळं.

कोंबडीला घाम येत नाही

कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. आपल्याला एवढा ताप चढला तर घरच्यांची धावपळ उडेल, तिचं ते रोजचंच आहे. त्यात तिला घामाच्या ग्रंथी नाहीत. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे दोनच वाटा. एक, तुरा, चोचीखालच्या लाल पाळ्या आणि पाय यांतून ती हवेत जाऊ देणं, आणि त्यासाठीच ती पंख अंगापासून दूर धरते. दुसरी, धापा टाकून घशातला ओलावा उडवणं. हवा कोरडी असली की दुसरी वाट उत्तम चालते. हवेतच पाणी भरलेलं असेल तर ओलावा उडत नाही, नुसता दम लागतो, आणि दम लागण्याच्या कष्टानं अंग आणखी तापतं.

म्हणून आपल्याकडचा ३६ अंशांचा दिवस पारा बघून सोडून देऊ नका. उष्णतेची लाट ठरवताना हवामान खातंसुद्धा मैदानी भागाला ४० अंशांची अट लावतं आणि किनारपट्टीला ३७ ची. माझा स्वतःचा हिशोब असा: तिशीपर्यंत कोंबड्या आपलं आपण बघतात, पस्तिशीला मी दुपारी दोनदा मागच्या दारी डोकावते, आणि ३८ दिसले की त्या दिवशी कोणाच्या लग्नालाही जात नाही.

पायरी १: छप्पर

मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात १५-१६ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. त्या दिवशी भर दुपारी खांबाची सावली खांबाच्याच पायाशी पडते. याचा सरळ अर्थ असा की मे महिन्यात बाराच्या आसपास ऊन भिंतीतून येत नाही, छपरातून येतं. नवीन माणूस बाजूंना पडदे लावत बसतो आणि वरचा पत्रा तसाच तापत राहतो.

पत्र्याला होळीच्या आत चुन्याचे दोन हात द्या. चुन्यात थोडं फेविकॉल मिसळलं की तो भुकटी होऊन लगेच उडत नाही. पहिल्या पावसात बराचसा धुऊन जातो, जाऊ दे, तोवर त्याचं काम झालेलं असतं. मग पत्र्याच्या वर कळकाचा साधा सांगाडा करून त्यावर ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट ताणा किंवा नारळाच्या झावळ्या घाला. जाळी आणि पत्रा यांच्यात वीतभर तरी फट हवी. जाळी पत्र्यालाच चिकटवली तर ती तापते आणि तीच उष्णता पत्र्याला देते. फटीतून वारा वाहिला पाहिजे. झावळ्या मला जाळीपेक्षा आवडतात. गावठाणात त्या फुकट मिळतात आणि दिसायलाही बऱ्या.

पत्र्याला आतून थर्मोकोल लावू नका. मी लावलं होतं. कोंबड्यांना थर्मोकोल का आवडतं देव जाणे, पण चार दिवसांत चोच पोचेल तिथवरचं सगळं त्यांनी खाऊन टाकलं आणि विष्ठेत पांढरे दाणे दिसायला लागले.

गच्चीवर कोंबड्या ठेवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. स्लॅब दिवसभर पितो ते ऊन रात्री परत देतो, त्यामुळे तिथे रात्रही थंड नसते. खुराडं विटांवर उचलून घ्या, खाली हवा खेळू द्या. पश्चिमेला उघडी आणि आडोसा नसलेली गच्ची असेल, तर एप्रिल-मेसाठी कोंबड्या गावाला नातेवाइकांकडे पाठवा, असंच मी सांगेन. आणि सोसायटी असेल तर कोंबडा ठेवूच नका. अंड्यांसाठी त्याची गरज नसते, आणि पहाटे चारला त्यानं पहिली बांग दिली की तुमचं सभासदत्व चर्चेला येतं.

पायरी २: वारा

इथे नीट वेळ द्या, पैसेही इथेच घाला.

नवी मुंबईत दुपारचा वारा बहुतेक पश्चिमेकडून, खाडीवरून येतो. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली या गावांना तो सरळ मिळतो. पारसिकच्या डोंगराला टेकलेल्या वस्त्यांत आणि दाटीच्या गल्ल्यांत तो अडखळतो. ज्या दिवशी पूर्वेकडून जमिनीवरचा तापलेला वारा जोरात असतो, त्या दिवशी खाडीचा वारा उशिरा सुटतो आणि तोवर पारा चढत राहतो. दुपारी दोन वाजले तरी झाडाचं पान पश्चिमेकडून हललं नाही, तर तो दिवस जड जाणार हे धरून चाला.

अडचण अशी की वारा पश्चिमेचा आणि तीननंतरचं ऊनही पश्चिमेचंच. ऊन अडवायला पडदा लावला की वारा बंद. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली, आणि ओळखीतल्या प्रत्येक नवख्यानं केली. यावर तोडगा म्हणजे पश्चिमेकडचं छप्पर पुढे काढून ओसरीसारखं खाली उतरवायचं, जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत. ऊन वरच्या वर अडतं आणि वारा खालून आत शिरतो. कोंबडी बसते तीही खालीच. जागा असेल तर पश्चिमेला चार-पाच फुटांवर केळीचं बेट किंवा शेवगा लावा. केळीला कोंबड्यांच्या भांड्यांतलं धुण्याचं पाणी पुरतं.

खुराड्याच्या उरलेल्या बाजू जाळीच्या ठेवा. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या, कोंबडीजाळी म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कुत्रा दातानं फाडतो. इथे शत्रूंची कमतरता नाही: मुंगूस, मांजर, धामण, भटकी कुत्री. येऊरच्या पायथ्याशी राहत असाल तर बिबट्यासुद्धा. म्हणून 'उकडतंय, आज रात्री दार उघडंच राहू दे' हा विचार मनात आला तरी दार लावा. हवा जाळीतून जाऊ दे.

जागा सढळ ठेवा. खुराड्यात एका कोंबडीला चार चौरस फूट तरी द्या आणि दिवसा हिंडायला याच्या दुप्पट. बसायच्या दांड्यावर उन्हाळ्यात एकमेकींपासून लांब बसता आलं पाहिजे, म्हणून दांडा लांब हवा.

आता पंखा. तो वर टांगू नका, टेबलफॅन गुडघ्याएवढ्या उंचीवर, जाळीच्या बाहेर ठेवा, वारा आत आडवा जाईल असा. समोरची बाजू उघडी हवी, नाहीतर तीच कोंडलेली हवा गोल फिरत राहते. वायर चोचीच्या आणि उंदराच्या टप्प्याबाहेर, आणि पाण्याच्या भांड्यापासून दूर. पिसांची भुकटी मोटारीत अडकते, ती आठवड्यातून एकदा झाडा. वीज जाण्याची खात्री असल्यामुळे मी एक चार्जिंगचा छोटा पंखाही ठेवते. तो आमच्यापेक्षा कोंबड्यांनीच जास्त वापरला आहे.

पायरी ३: ओल्या पंचाची परीक्षा

बारदानं भिजवणं, फॉगर, पाण्याचा फवारा हे उपाय वाईट नाहीत, त्यांची वेळ असते. ती वेळ ओळखायला मी एक पंचा ठेवला आहे. तो भिजवून, घट्ट पिळून सावलीत दोरीवर टाकायचा. अर्ध्या तासात बऱ्यापैकी वाळला तर हवा कोरडी आहे. मग वाऱ्याच्या तोंडाशी एकाच बाजूला ओलं बारदान लावा, पंखा त्याच्या मागे ठेवा, आत गारवा जाईल. पंचा तसाच दमट लागला तर पाण्याला हात लावू नका, नुसता पंखा.

आमच्याकडे मार्चमध्ये सकाळी दहा-अकराच्या सुमारास पंचा वाळतो. मेमध्ये, खाडीचा वारा सुटल्यावर, जवळजवळ कधीच वाळत नाही. कूलरचंही तेच. नागपूरला जो कूलर खोली थंड करतो तो ऐरोलीत भिंतीला बुरशी आणतो.

जमीन भिजवणं मात्र चालतं, पण थोडी. आंब्याखाली किंवा भिंतीच्या सावलीत दोन घमेली माती खणून सकाळी ओलसर करून ठेवा. कोंबड्या तिथे खड्डा करून पोट टेकून बसतात. चिखल होता कामा नये.

पायरी ४: पिण्याचं पाणी

एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, कडक उन्हात दुप्पट. सहा कोंबड्यांना तीन लिटर धरा आणि ते एका भांड्यात ठेवू नका. एक दांडगी कोंबडी भांड्याशी ठाण मांडते आणि गरीब कोंबडी तहानलेली राहते. दोन-तीन जागी ठेवा, सगळ्या सावलीत.

गरम पाणी कोंबडी पीत नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी बाराला चहा करता येईल असं येतं, म्हणून सकाळी सहालाच बादली भरून मोरीत झाकून ठेवायची आणि दिवसभर त्यातलं वापरायचं. भांडं मातीचं परळ असेल तर उत्तम. आपल्या दमट हवेत माठ विदर्भासारखा गार होत नाही, तरी प्लास्टिकपेक्षा कितीतरी बरा. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून ती परळात ठेवली की दोन तास निभतात. परळ रोज घासा. उन्हाळ्यात आतून शेवाळाचा बुळबुळीत थर एका दिवसात येतो.

दुसरं एक पसरट घमेलं फक्त पाय बुडवायला, बोटभर पाण्याचं. पायांतून बरीच उष्णता जाते. पहिल्या दिवशी त्या त्यात पाय घालणार नाहीत, संशयानं बघतील. तळाला चार दगड टाका, म्हणजे उभ्या राहतात, आणि पिल्लं असतील तर बुडत नाहीत.

अगदी तापलेल्या दिवशी क्षारांचं पाणी: एक लिटर पाण्यात एक चमचा साखर, पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा. चमचा चहाचा. हे अर्धा दिवस, आणि शेजारी साधं पाणीही. रोज देऊ नका, कोंबडीला मीठ लवकर बाधतं. याच कारणासाठी वेफर्स, फरसाण, खारं ताक तिच्यापुढे टाकू नये.

पायरी ५: खाणं, आणि दिवसाचं घड्याळ

खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती काही तासांनी सगळ्यात जास्त असते. दहाला पोटभर खाल्लेल्या कोंबडीची आतली भट्टी दुपारी दोनला, बाहेरच्या भट्टीबरोबरच पेटते. म्हणून दाण्याची वेळ बदला. मी पहाटे पाचला बल्ब लावते, कारण अंधारात कोंबडी खात नाही. नऊला दाणा उचलते, संध्याकाळी सहानंतर परत ठेवते. मधे उपास घडतो, घडू दे.

मधल्या वेळेला काकडी, कलिंगडाची सालं, पालकाचे देठ. वाशीच्या फळबाजारातून येणाऱ्या गाडीवाल्याकडे एप्रिलमध्ये फुटकं कलिंगड मागितलं की तो देऊन टाकतो. हे तोंडी लावण्यापुरतंच, जेवण म्हणून नको. आणि तासाभरानं उरलेलं उचला, माश्या आणि आंबूस वास लगेच येतो.

अंड्याचं कवच पातळ झालं तर घाबरू नका. सतत धापा टाकल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाला लागणारा चुना नीट मिळत नाही. त्यात खाणंही कमी झालेलं. आपल्या घरात तिसऱ्यांचं कालवण होतंच. त्या शिंपल्या धुऊन, कडक उन्हात वाळवून, खलबत्त्यात जाडसर कुटा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. ज्या कोंबडीला हव्यात ती आपणहून टिपते.

अंथरूण म्हणून भाताचं तूस घालत असाल तर उन्हाळ्यात थर दोन इंचांवर आणा. जाड, ओलसर थर आतून कुजताना तापतो आणि अमोनियाचा वास सोडतो. हात घालून बघा, कोमट लागला तर काढून टाका.

जंताचं औषध, लस, पंख कापणं, कोंबड्या हलवणं, पाहुण्यांच्या मुलांनी मागे धावणं, जे करायचं ते सकाळी आठच्या आत. दुपारी पकडलेली कोंबडी धडपडीनंच तापते.

कधी धावायचं

पंख सैल, चोच उघडी, घसा लपलप हलतोय, पण पाण्याशी जाते आणि बोलावलं की बघते: ठीक आहे, लक्ष ठेवा. खाणं बंद, विष्ठा पाण्यासारखी, एका कोपऱ्यात उभी: पंखा तिच्याकडे वळवा. तुरा फिका किंवा निळसर, मान खाली, चालताना झोकांड्या, किंवा बसली आणि उठत नाही: आता वेळ घालवायचा नाही.

तिला अलगद उचलून सावलीत आणा. बादलीत नळाचं साधं पाणी घ्या, बर्फाचं नको. मानेपर्यंत एक-दोन मिनिटं बुडवा, डोकं वर धरा. कोंबडीची पिसं पाणी झटकतात, म्हणून पंखाखाली आणि पोटावर बोटांनी पिसं उलटी करून कातडीपर्यंत पाणी पोचवा. मग ओल्या अंगानं पंख्यासमोर ठेवा. पाणी चोचीच्या कडेला थेंब थेंब लावा, ती गिळतेय का बघा. तोंड उघडून ओतलं तर श्वासनळीत जातं आणि उष्माघातातून वाचलेली कोंबडी त्यानं मरते. अर्ध्या तासात मान सावरली नाही तर जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ वर फोन करा, तो फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे. सावरली तरी रात्रभर वेगळी ठेवा, बाकीच्या टोचतात.

ऊन उतरलं म्हणून सैल पडू नका. दिवसभराची उष्णता अंगात साठत जाते, आणि कोंबड्या जास्त करून चार ते सातच्या दरम्यान जातात. माझ्या दोघी पाचलाच गेल्या होत्या.

एकापाठोपाठ अनेक मेल्या, डोकं सुजलं, नाकातून स्राव किंवा मान वेडीवाकडी दिसली, तर ते उन्हाचं नाही. मानमोडी (राणीखेत रोग) असू शकते, बर्ड फ्लूही. तो आपल्यापासून फार लांब नाही: २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आणि २०२५ च्या जानेवारीत उरणच्या चिरनेरमध्ये आढळला होता. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं स्पर्श करू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा.

खुडूक कोंबडी आणि अंडी

उन्हाळ्यात सगळ्यात आधी जाते ती खुडूक कोंबडी. अंड्यांवरून उठायचंच नाही म्हणून ती खोक्यातल्या उकाड्यात तशीच बसून राहते. तिला दिवसातून दोनदा उचलून पाण्याशी ठेवा, शिव्या खात का होईना. शक्यतो एप्रिल-मेमध्ये अंड्यांवर बसवूच नका.

कोंबडा असेल तर अंडी दिवसातून तीनदा गोळा करा. फळलेल्या अंड्यातला जीव वाढायला कोंबडीच लागते असं नाही, ३०-३२ अंशांच्या स्वयंपाकघरात ठेवलेलं अंडंही अर्धवट सुरुवात करून बिघडतं. ऑम्लेट करताना लाल धागे दिसतात ते त्यामुळे.

अजून कोंबड्या घेतल्याच नसतील तर

मोठ्या कोंबड्या एप्रिलमध्ये आणू नका, पाऊस स्थिरावू द्या. एक दिवसाच्या पिल्लांची गोष्ट उलटी: पहिल्या आठवड्यात त्यांना ३३-३५ अंश लागतातच, म्हणून आपल्या मेमध्ये दिवसा बल्बही लागत नाही. पण महिनाभरात ती पिसारतात आणि त्यांनाही उकडायला लागतं. जातीत गावठी सगळ्यात काटक. वनराजा, गिरिराज परसात चांगल्या टिकतात, पण अंगानं जड, त्यांना सावली जास्त द्या. पांढरा ब्रॉयलर हौसेनं पाळायला घेऊ नका, तो आपल्याच वजनानं तापतो. रस्त्यावर रंगवून विकतात ती पिल्लं तर मुळीच नकोत. मुलं दोन दिवस खेळतात आणि तिसऱ्या दिवशी रडतात.

आणताना रात्री आणा, टोपलीत. स्कूटरच्या डिकीत किंवा बंद पिशवीत कोंबडी आणणारी माणसं मी बघितली आहेत.

वळीव आणि नंतर

मेअखेरीस एखादी सर येते, सगळे खूश होतात, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की भिजलेल्या जमिनीतून वाफ उठते. माझ्या अनुभवात सबंध उन्हाळ्यातले हे चार-सहा दिवस सर्वांत वाईट. पंखा त्या दिवसांत दुपारभर चालू. बारदानं पहिल्या सरीच्या आत काढून वाळवून ठेवा, नाहीतर कुजतात. झावळ्यांचं छप्पर मात्र पाऊस लागेपर्यंत राहू द्या.

जूनच्या मध्यापर्यंत पावसानं बस्तान बसवलं की दाणा दिवसभर ठेवायला हरकत नाही. पंखा पुसून माळ्यावर टाकू नका. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेल्यावर पुन्हा तीन-चार आठवडे तसंच उकडतं, तेव्हा तो लागतो. आमचा पंखा दिवाळीनंतरच आत येतो. आजींच्या कोंबड्यांना पंखा कधीच नव्हता, त्यांचं खुराडं खाडीच्या वाऱ्यावर, मोठ्या आंब्याखाली आहे. त्यातल्या बहुतेक वैशाख सहज काढतात आणि गटारीला संपतात.